पळसाच्या वळणाने

सासवडला जायचं दिवे घाटाने आणि यायचंही दिवे घाटानेच, असा हिशेब असलेल्या माणसांबरोबर मार्चमध्ये निघू नये. परतताना गाडी नारायणपूरकडे वळवावी. पुरंदर आणि वज्रगड डाव्या हाताला ठेवत कापूरहोळला सातारा रस्ता गाठावा, आणि नव्या बोगद्याला टांग मारून कात्रजच्या जुन्या घाटाने उतरावं. अंतर जवळजवळ दुप्पट होतं. होऊ दे. लांबून डोंगरावर गुलाबी दिसतं ते गिरिपुष्प, त्याला फसू नये. केशरी दिसलं की थांबावं.

कुठेही जा, पळसाला पाने तीनच, म्हणतात. म्हणणारा फुलांच्या दिवसांत फिरकला नसावा. तेव्हा झाडावर एकही पान नसतं, नुसत्या पोपटाच्या चोची. संस्कृतातला ‘किंशुक’ म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’

फुलं खाली पडलेलीच घ्यायची. फांद्या झोडपणं हा रानटीपणा. प्लास्टिकच्या पिशवीत ती वाफाळून घरी येईपर्यंत काळी पडतात, म्हणून कापडी पिशवी. बुडाची काळपट मखमली टोपी खुडून टाकावी आणि पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. पिशवीभर फुलांची ओंजळभर होतात, तेव्हा जीव जरा खट्टू होतो.

लहानपणी रंगपंचमीला हीच फुलं बादलीत भिजत असायची. पाणी पिवळं व्हायचं, अंगावरून तासाभरात जायचं. कापड मात्र एवढ्यावर ऐकत नाही. मांजरपाट रंगवायचा तर आधी त्याची खळ काढायला हवी. दोन पिशव्यांना पुरेल असं 200 ग्रॅम कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळलं की पाणी चहासारखं होतं. हे टाळलं की रंग हटकून डागाडागांनी धरतो. मग 40 ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात. सकाळी नुसतं पिळायचं, खळबळायचं नाही. त्यानंतर 40 ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात दोनेक तास. सुती धागा तुरटीला नीट धरत नाही, हिरड्यातल्या तुरटपणाने धरतो. हिरडा मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. कशाला हवाय, हे सांगू नये. पोटाचे उपाय ऐकावे लागतात.

वाळलेली फुलं कापडाच्या वजनाइतकी घेऊन तासभर मंद उकळायची, गाळायची, आणि त्या पाण्यात कापड आणखी तासभर. भांडं स्टीलचं. लोखंडी कढई घेतली की हिरडा आणि लोखंड मिळून सगळं करडं-काळपट करतात. चिमूटभर चुना पाण्यात पडला तर पिवळा नारिंगीकडे झुकतो. चमचाभर मात्र नको.

आणि शिवण रंगवल्यानंतर. आधी शिवलेली पिशवी बुडवली तर पॉलिएस्टरचा दोरा रंग घेत नाही, टाके पांढरेच राहतात. बंदांच्या चौपदरी घडीतही रंग पोचत नाही. बंद उसवले की आत कोरा मांजरपाट, एखाद्या लपवलेल्या चिठ्ठीसारखा.

पळसाचा रंग उन्हाला टिकाऊ नाही. मंडईच्या फेऱ्यांनी पिशवी दिवाळीपर्यंत साईच्या रंगाची होते. म्हणजे पुढच्या मार्चला पुन्हा सासवड आलंच. तिथे काय काम काढायचं, ते तेवढं ठरायचंय.