बाई, तुम्हीपण?

नवऱ्याला जर्मनीतल्या स्टुटगार्टची नोकरी लागली ही बातमी पसरल्यापासून जो तो एकच विचारतो, फ्लॅटचं काय करणार? भाड्यानं देणार की बंद ठेवणार? बंद ठेवू नका हो, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर चांगला भाडेकरू शोधूनही ठेवलाय. माझ्या नोकरीचं काय, हे विचारलं फक्त आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींनी. चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "बाई, परमनंट सोडताय?" आणि कपाळाला हात लावला.

त्यांचं चुकलं नाही. अनुदानित शाळेतली कायम नोकरी म्हणजे काय, हे त्यातून गेलेल्यालाच कळतं. आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. मग शिक्षणाधिकारी कार्यालयातून वैयक्तिक मान्यता यायची वाट बघायची. फाईल कुठं अडली ते विचारायला जायचं आणि दरवेळी एक नवीन झेरॉक्स देऊन परत यायचं. मी 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेली, त्यामुळे जुनी पेन्शन नाहीच. तरीही आजच्या मुलांकडे पाहिलं की आपण सुटलो असं वाटतं. आता पवित्र पोर्टलवरून भरती होते आणि बीएड झालेली हुशार मुलं वर्षानुवर्षं यादीकडे डोळे लावून बसलेली असतात. अशी जागा मी सोडणार, आणि जाणार कुठं, तर जिथं मला वर्गात उभं राहता येणार नाही अशा देशात.

ते येणार नाही, हे मी नीट वाचून पाहिलंय. जर्मनीत शिक्षकी पेशाला सरकारी मान्यता लागते आणि शिक्षण हा राज्यांचा विषय आहे. सोळा राज्यं, सोळा नियमावल्या. शाळेतल्या शिक्षकाला साधारणपणे दोन विषय शिकवता यावे लागतात, तेही पदवीच्या पातळीवर शिकलेले. मी बीएडला गणित आणि विज्ञान अशा दोन मेथड केल्या, पण पदवी निखळ गणिताची. वर भाषा सी1, काही ठिकाणी सी2. मी आत्ता ए1, म्हणजे अगदी पहिली पायरी करतेय. मधल्या पायऱ्या मोजायच्या नाहीत असं ठरवलंय.

नवऱ्याचं काम त्या मानानं सोपं. त्याला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना, मिळतंय. 2025 मध्ये माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांत त्यासाठी वर्षाला किमान 43,759.80 युरो पगार लागत होता. ऐंशी सेंटपर्यंत हिशेब ठेवणारं सरकार पाहून गणिताची बाई म्हणून मला बरंच वाटलं. बी1 पर्यंत जर्मन आलं तर 21 महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसतं ए1 असेल तर 27 महिन्यांत. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि तिथं पोहोचल्यावर नोकरीही करता येते. म्हणजे एक अक्षर न शिकता मी विमानात बसू शकते. तरी मी क्लास लावला.

डेक्कनवरचा संध्याकाळचा क्लास. पुण्यात जर्मन शिकणं ही काही नवलाई नाही. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट, आणि आमच्याच शाळेत आठवीपासून संस्कृतऐवजी जर्मन घेणारी मुलं आहेत. पण ती मुलं. मी बेचाळीस वर्षांची, वाचायचा चष्मा, पर्समध्ये तपासायचे घटक चाचणीचे गठ्ठे. वर्गात शिरले तर पुढच्या बाकावरून एक दाढीवाला मुलगा ताडकन उभा राहिला.

"बाई, तुम्हीपण?"

माझा विद्यार्थी. दहावीत प्रमेयाची सिद्धता पाठ करून यायचा आणि आकृतीत एक अक्षर बदललं की गडबडायचा. आता मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीला नोकरी करतो आणि संधी कार्डावर जर्मनीला जायची तयारी करतोय. हे कार्ड 1 जून 2024 पासून सुरू झालं. शिक्षण, अनुभव, भाषा, वय यांचे गुण मोजतात, किमान 6 जमले की नोकरी शोधायला वर्षभरासाठी जाता येतं. तेवढ्या काळाच्या खर्चाचे पैसे मात्र आधी दाखवावे लागतात. त्याच्या वडिलांनी त्यासाठी गावाकडची जमीन विकायला काढली होती. त्यानं नको म्हटलं, आणि आता तो पगारातून साठवतोय. हे तो मला जिन्यात सांगत होता, प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला आल्यासारखा उभा राहून.

दुसऱ्या आठवड्यात वाक्यं करायची होती. मी शाळेत कशी जाते, ते सांगायचं. बसनं, असं सांगायला मी म्हटलं, "मिट डेर बुस." शेजारून हळूच आवाज आला, "बाई, डेम." वहीत पाहिलं. डेमच होतं, बस त्यांच्याकडे पुल्लिंगी. पोरगा खाली मान घालून खोडरबर शोधायला लागला. त्याला माझ्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं झालं होतं.

खरी पंचाईत तोंडी सरावात होते. ऋण गुणिले ऋण धन का, हे मी मराठीत अर्धा तास रंगवून सांगू शकते, शेवटच्या बाकावरचा झोपलेला उठेल असं. जर्मनमध्ये मी म्हणते, मी शिक्षिका आहे, मला एक मुलगी आहे, मला चहा आवडतो. संपलं. समोरची मुलगी मान हलवून "झेर गूट", फार छान, म्हणते. वयानं ती माझ्या धाकट्या भाचीएवढी. लोक मला सांगतात, तिकडे गेलीस की मोदक आठवतील, मिसळ आठवेल, गणपती आठवतील. अहो, ते सगळं मिळतं. मंडळं आहेत, भारतीय किराणा आहे, तांदळाची पिठी आहे. पण शनिपारापासून मंडईपर्यंत चालत गेले तर वाटेत चार पालक आणि दोन माजी विद्यार्थी भेटून "नमस्कार बाई" म्हणतात, ते कुठून आणू? स्टुटगार्टच्या दुकानात मी वांगी मागणारी एक बाई असेन, आणि तीही चुकीचं लिंग वापरून.

एकदाच मी वर्गात सगळ्यांच्या पुढे होते. संख्या ऐकून लिहायच्या होत्या. जर्मन माणूस 21 ला "एक आणि वीस" म्हणतो, एकक आधी, दशक नंतर. इंग्रजी माध्यमातली पोरं पटापट 12 लिहून मोकळी. मला काहीच जड गेलं नाही, एकवीस, बत्तीस, पंचेचाळीस म्हणताना आपण दुसरं काय करतो? 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर दोन" असं वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. मी तेव्हा नव्या पद्धतीच्या बाजूची होते, अजूनही आहे, लहान मुलाला ते सोपं जातं. पण त्या संध्याकाळी जुन्या पद्धतीनं मला पैकीच्या पैकी मिळवून दिले आणि मी घरी येईपर्यंत स्कूटरवर हसत होते.

आशा नाही असं नाही. नवरा रोज चाकणला जातो. मोशीपासून पुढं गाडी सरकत सरकत कधी पोहोचेल ते कोणी सांगू शकत नाही. रात्री नऊला तो येतो तेव्हा लेक झोपेला आलेली असते. तिघांनी सात वाजता एका टेबलावर जेवायचं, एवढ्यासाठीसुद्धा मी जर्मनीला जायला तयार आहे. आणि आणखी एक, घरी फारसं बोललेले नाही: मलाही जायचंय. जन्म सदाशिव पेठेत, शिक्षण कर्वे रस्त्यावर, सासर कोथरूड, नोकरी परत पेठेत. आख्खं आयुष्य सहा-सात किलोमीटरमध्ये. स्टुटगार्टकडे जिना झाडायची आठवड्याची पाळी असते, केरवोखे, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकवतात, हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे एवढं शिकून तिथं जाऊन जिनाच झाडायचा." मला मात्र ती पाटी बघायची उत्सुकता आहे. औंधला राहणाऱ्या मामाला विचाराल तर जर्मनी म्हणजे तिथल्या शहराचं नाव दिलेला ब्रेमेन चौक, तिथपर्यंत तो रोज चालत जातो.

लेकीची काळजी वेगळी. ती आत्ता तिसरीत. तिकडे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा फुटतात, कोण विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला जाणार आणि कोण दुसऱ्या प्रकारच्या शाळेत. भाषा न येणाऱ्या मुलांसाठी आधी तयारीचे वर्ग असतात हे खरं, पण दहा वर्षांच्या मुलीचं असं वर्गीकरण कोणी करावं हे माझ्यातल्या शिक्षिकेला मुळातच पटत नाही. पुढं वाट बदलता येते म्हणतात. बघू. ती स्वतः फक्त एवढंच विचारते, की तिकडे बर्फाची सुट्टी मिळते का.

आणि आई. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते, माझ्या शाळेपासून चालत पाच मिनिटं. शाळा सुटली की मी तिच्याकडे चहाला जाते. आमचं ठरल्याचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जा की, छान आहे." त्यानंतर हळूहळू तिचे फोन कमी झाले. मला वाटलं, रुसली. मग एक दिवस महावितरणचं बिल भरायला तिचा फोन हातात घेतला तर बिल भरलेलं. शेजारच्या काकूंच्या मुलाकडून शिकली होती. पुढच्या आठवड्यात टेबलावर डोळ्याच्या थेंबांची बाटली दिसली. मोतीबिंदूची तपासणी करून आली होती, रिक्षानं, एकटी. "मला का नाही सांगितलंस?" म्हटल्यावर म्हणाली, "तू मेमध्ये जाणार. मेमध्ये एकदम सुरू करण्यापेक्षा आत्तापासून सवय केलेली बरी. काही अडलं तर तू आहेसच अजून."

मी चहा गाळायचा राहून तशीच उभी.

तिला न्यायचा विषय मी काढला होता. 1 मार्च 2024 पासून जर्मनीनं नियम सैल केलेत, त्यानंतर ब्लू कार्ड मिळालेल्यांना आईवडिलांना आणि काही अटींवर जोडीदाराच्या आईवडिलांनाही बोलावता येतं. पण त्यांच्या आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तिथं परवडेल असा विमा मिळणं हीच मोठी अडचण. मी हे सगळं समजावून सांगत होते. आईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विमा मिळाला तरी नको. इथं भाजीवाल्याला कळतं, मला कुठली मेथी लागते."

यावर मी काय बोलणार? आता आम्ही वेळ ठरवलीय. तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. तिचा दुपारचा चहा म्हणजे माझी सकाळ. फोन त्याच वेळी, आणि रोज नाही, ही तिची अट. रोज बोललं की सांगायला काही उरत नाही म्हणे.

नवरा जानेवारीत पुढं जाईल. मी आणि लेक मेमध्ये, वार्षिक परीक्षेचे निकाल लावून. राजीनामा द्यायचा की बिनपगारी दीर्घ रजा टाकायची, यावर घरी बराच काथ्याकूट झाला. सगळे म्हणाले, रजा टाक, परतीचा दरवाजा उघडा राहील. माझं मत वेगळं पडलं. मी रजेवर गेले तर जागा अडकून राहणार, तिथं कोणीतरी तासिका तत्त्वावर येणार, वर्षात दोनदा बदलणार, आणि दहावीची पोरं कोणाच्या तरी नशिबावर. पोर्टलच्या यादीतल्या त्या मुलांपैकी एकाला ती जागा मिळू दे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे जानेवारीअखेर कागद द्यायला हवा.

काल मोठ्या बाईंकडे तोंडी सांगायला गेले. नववीची तुकडी नेहमी मीच दहावीला नेते, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न तोच, नववी ब कोणाकडे द्यायची? माझी मैत्रीण बीजगणित उत्तम शिकवते, पण भूमितीत ती घाई करते. दुसरे सर भूमितीत पक्के, पण त्यांच्याकडे आधीच दोन दहाव्या. भूमिती सरांना, बीजगणित तिला, असं वाटून द्यावं हे माझं म्हणणं. मोठ्या बाई म्हणाल्या, वेळापत्रकात बसणार नाही. मी वेळापत्रक मागून घेतलं आणि मंगळवारचा चौथा तास पीटीच्या तासाशी बदलून दाखवला. बसतंय. पीटीच्या सरांना विचारायचं राहिलंय.