ऐकत नाही

फोनवर बाईंचं पहिलंच वाक्य होतं, "मावशींना चावलाय. आता हा घरात ठेवायचा की नाही, ते तुम्ही येऊन सांगा."

सात महिन्यांचा डाल्मेशियन, नाव ठिपू. पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. कामाच्या मावशी फरशी पुसत सोफ्यापाशी आल्या, हा तिथे गाढ झोपलेला. "सरक रे बाबा" म्हणत त्यांनी पाठीला हात लावला आणि ह्याने त्यांचं मनगट धरलं. दात लागले, रक्त आलं. कुत्र्याची लस झालेली होती, तरी मावशींना रेबीजची इंजेक्शनं लगेच सुरू केली होती. ते एक शहाणपणाचं केलं होतं.

माझ्याआधी एक ट्रेनर तीन आठवडे येऊन गेला होता. चोक चेन, झटके, ओरडणं. जाताना म्हणाला, "हट्टी आहे. ऐकतच नाही."

हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक कुत्रा 'ऐकत नाही' म्हणूनच येतो. आपल्या भाषेत ऐकणं आणि सांगितलेलं करणं याला एकच शब्द, त्यामुळे ते वाक्य कुणी शब्दशः घेत नाही. मीही घेतलं नाही. सोफ्याजवळ चावला म्हणजे जागेवरून गुरगुरणारा कुत्रा, असं मी धरलं आणि दोन भेटी त्यातच घालवल्या. पहिल्या दिवशी कान तपासले नव्हते असंही नाही. ठिपूच्या मागे उभं राहून टाळी वाजवली, त्याने झटकन वळून माझ्याकडे पाहिलं. झालं, कान ठीक.

तिसऱ्या भेटीत चहा व्हायचा होता. आजी ओट्यापाशी, ठिपू त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपलेला. कुकरची शिट्टी अशी जोरात झाली की मीच दचकलो. ठिपूचा कानही हलला नाही. झोपेतल्या कुत्र्याचा कान आधी हलतो, डोळा मागून उघडतो, हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना शिकवत आलोय. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. मग आजींनी गॅस बारीक करायला पाऊल काढलं मात्र, हा ताडकन उभा.

"हा नेहमी असाच पायाला चिकटून झोपतो का?"

"नेहमी. नाहीतर दारात आडवा. लाडावलाय मेला," आजी म्हणाल्या.

तो लाड नव्हता. घरातलं माणूस उठलं तर आपल्याला कळावं, याची ती व्यवस्था होती.

तो पुन्हा झोपल्यावर घरातल्यांना सांगितलं, कुणी हलायचं नाही, माझ्याकडे बघायचंही नाही. पॅसेजमधून शिट्टी मारली, किल्ल्या वाजवल्या, त्याच्या खाऊचा डबा खुळखुळवला. काही नाही. आणि तेव्हा पहिल्या दिवशीची टाळी आठवली. ठिपू तेव्हा घरातल्या मुलाकडे बघत बसला होता. टाळीबरोबर मुलाने माझ्याकडे पाहिलं, आणि मुलाची नजर गेली तिकडे ठिपूने पाहिलं. बहिरे कुत्रे असे फसवतात. पिल्लूपणी तर भावंडं पळाली की हेही पळतं, कुणाला पत्ता लागत नाही.

खरं तर जात बघूनच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. अंगावर पांढरा रंग आणणाऱ्या जनुकांमुळे काही पिल्लांच्या आतल्या कानात रंगपेशी पोचतच नाहीत. त्यांच्याविना तिथला रक्तपुरवठा खालावतो, ऐकण्याच्या पेशी मरतात, आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच सगळं संपतं. अमेरिकेतल्या तपासण्यांत डाल्मेशियनपैकी साधारण 30 टक्के कुत्र्यांना एका तरी कानाने ऐकू येत नाही, दोन्ही कानांनी न ऐकू येणारे 8 टक्क्यांच्या आसपास. व्हेटनी मळ, इन्फेक्शन वगैरे नाही ना ते बघितलं. तसलं काहीच नव्हतं.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मुलगा उठला, दाराच्या खिळ्यावरची ती चेन काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

काम सुरू झालं ते स्पर्शापासून. जागा असताना खांद्यावर दोन बोटं, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. जागा कायम तीच, दिवसातून चाळीस-पन्नास वेळा. मग पेंगत असताना. मग झोपेत, पण आधी चिकन नाकापुढे धरून, म्हणजे वासाने जाग येते आणि हात मागून येतो. पाय आपटून उठवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. लाकडी जमिनीवर चालत असेल, आपल्या स्लॅबवर आपलेच गुडघे दुखतात.

शाब्बासकीला अंगठा, 'बस'ला तळवा वर, 'ये'ला हात लांबून छातीकडे. खुणेत हालचाल हवी, कुत्र्याला स्थिर हातापेक्षा हलता हात पटकन दिसतो. आजींची खूण आठवडाभर त्याला कळेना. शेवटी लक्षात आलं, पांढरी भिंत, पांढरी सुती साडी, पुढे गोरापान हात. त्यांना दुसऱ्या भिंतीपुढे उभं केलं. आपणहून मान वळवून बघितलं की दर वेळी खाऊ, कारण बघितलंच नाही तर खूण कुणाला करणार? बाहेर मात्र पट्टा सुटायचा नाही, मैदानात 10 मीटरची दोरी. यात सवलत नाही.

मावशींना मी आग्रह केला नव्हता. चौथ्या आठवड्यात त्याच म्हणाल्या, "मला पण दाखवा, रोज मलाच यायचंय." आधी मी शेजारी बसलो, ठिपू पट्ट्याला. त्यांचा हात इतका थरथरत होता की चिकनचा तुकडाच खाली पडला. ठिपूने तो खाल्ला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

अंगठ्याने एक घोळ झालाय. लिफ्टमध्ये कुणी कुणाला अंगठा दाखवला की ठिपू त्याच्यासमोर जाऊन बसतो, आणि तुकडा मिळाल्याशिवाय हलत नाही. सोसायटीचा वॉचमन आता खिशात बिस्किटं ठेवतो.

परवा गेलो तेव्हा मावशी पुसत सोफ्यापर्यंत आल्या होत्या. फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसला, कनवटीची पुडी सोडून तुकडा नाकापुढे धरला. नाक हललं, तशी खांद्यावर दोन बोटं ठेवली. ठिपूने डोळे उघडले, तुकडा घेतला आणि जांभई देत तिथेच पुन्हा पसरला.

"आता सरक तरी," मावशी म्हणाल्या, आणि मग आठवून त्यांनी हात हलवला.