ठिपका पुन्हा सरकला, पण बहिरी मिळाली!

मंडळी, मिळाली एकदाची! नवी मुंबईत सीवूड्सला एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागच्या पाणथळीवर, टिलव्यांच्या (चिखलात चरणारे इवलेसे पक्षी) थव्यामागे लागलेली बहिरी (ससाणा हो), आणि फोकस थेट डोळ्यावर. डोळ्याभोवतीची पिवळी कडा दिसतेय, मिशी दिसतेय, पोट पांढरं आणि त्यावर आडव्या रेघा, म्हणजे बहिरीची आपली तांबूस पोटाची बारमाही उपजात शाहीन नाही, थंडीतली पाहुणी उपजात कॅलिडस. कॅमेऱ्याचं सेटिंग १/३२००, एफ ६.३, आयएसओ ८००. टिलवा वाचला बरं का, ऐन वेळी पाण्याला चिकटला आणि ही वरून सुसाट निघून गेली. एका फ्रेममध्ये पंख अर्धे मिटलेत आणि पंजे पोटाशी आवळलेत, ती मी रात्री झूम करून करून इतक्यांदा बघितली की घरच्यांनी शेवटी लाइट बंद केला.

आता रडगाणं. कॅमेऱ्यावरचा नेम धरायचा ठिपका परत सरकला.

जे नवीन आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात: माझी बोंब फोकसची नाही, पक्षी व्ह्यूफाइंडरमध्ये सापडण्याची आहे. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरचा कॅमेरा) ६०० एमएमला आडवी फ्रेम जेमतेम सव्वादोन अंशांची. बहिरी साध्या सरळ उडण्यात ताशी ७० किमीने १०० मीटरवरून आडवी गेली तर अख्खी फ्रेम ओलांडायला तिला ०.२ सेकंद लागतात. सूर मारताना ती ३०० च्या वर जाते, ते गणित मांडायच्या भानगडीतच पडू नका. म्हणून एअरगनवर लावतात तो रेड डॉट साइट हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश लावायची खाच) चढवलाय, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, ठिपका पक्ष्यावर धरायचा आणि बटण दाबायचं. (लेझर नाहीये हो तो, काचेत दिसणारं नुसतं प्रतिबिंब आहे, पक्ष्यावर काहीही पडत नाही. फिरायला येणाऱ्या एक काकू मात्र रोज लांबूनच जातात, त्यांना अजून ती बंदूकच वाटते.)

तर हा ठिपका घरी एकदम बरोबर लावून निघावं, स्कूटरवरून पाम बीच रोडने जावं आणि तिथे पोचल्यावर पक्षी ठिपक्यावर पण फोटोत नुसतं आभाळ. पहिला संशय साइट हॉट शूवर बसवणाऱ्या अडॅप्टरवर, आणि तो होताच ढिला. ऑनलाइन मिळणारे ते प्लास्टिकचे शू अडॅप्टर कृपा करून घेऊ नका, धातूचाच घ्या, जास्तीचे पैसे वसूल होतात. मी त्यात कागदाची घडी घालून बघितली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, शेवटी नळाला गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप, आणि टेपने खरंच कमाल केली, अडॅप्टर आता जागचा हलत नाही. तरी ठिपका सरकतोच!

मग संध्याकाळी बाल्कनीतून समोरच्या टॉवरच्या टोकावरचा लाल दिवा धरला. लाल ठिपका लाल दिव्यावर दिसेना म्हणून साइट हिरव्यावर टाकला. लेन्सचा पाय ट्रायपॉडवर घट्ट, ठिपका दिव्यावर, दिवा फ्रेमच्या मधोमध. छान. मग बॉडीला खालून बोटाने जरासं उचललं तर ठिपका दिव्यावरून हलला आणि फ्रेममधला दिवा मात्र होता तिथेच! बोट काढलं की ठिपका परत जागेवर. म्हणजे साइट बरोबर आहे, शू बरोबर आहे, पण माउंटपाशी, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते तिथे, दोघांच्यातच किंचित खेळ आहे. हातात धरल्यावर लेन्सचं वजन डाव्या तळव्यावर आणि बॉडी उजव्या हातात, प्रत्येक वेळी ताण वेगळा, मग ठिपका बॉडीचं ऐकणार की लेन्सचं?

उपाय उघड आहे, ठिपका लेन्सवरच हवा. लेन्सच्या पायाला पाव इंची स्क्रूने एक अँगल लावायचा, तो डावीकडून वर आणायचा आणि त्यावर साइट. साइट लेन्सच्या मध्यापासून १० सेमी बाजूला गेला तरी १०० मीटरवर फ्रेम जवळजवळ ४ मीटर रुंद असते, त्यात १० सेमी म्हणजे किस झाड की पत्ती. स्लायडिंग खिडकीच्या कामातला उरलेला ॲल्युमिनियमचा अँगल माळ्यावर सापडलाय, तुर्भ्याला एमआयडीसीत एक लेथवाले काका भोकं पाडून देतो म्हणालेत. त्यांना कॅमेरा नेऊन दाखवला तर म्हणाले, “एवढं वजन गळ्यात घालून फिरतोस? अँगल सोड, आधी मानेचा पट्टा बनवून देतो.”

प्लॅन होता येत्या पौर्णिमेला उधाणात ट्राय करायचा. खाडीतला चिखल पूर्ण बुडतो, सगळे टिलवे-चिखले आत पाणथळीवर येऊन बसतात आणि त्यांच्या मागे बहिरी. पण कोळी लोकांचा हिशोब लावा, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, डोक्यावर ऊन आणि पाण्यावर वाफारा, शार्प काय डोंबल येणार. अष्टमीला सकाळी ६, प्रकाश सुंदर पण भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, चिखल उघडाच राहतो आणि पक्षी बाहेर खाडीतच. हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की द्वादशी-त्रयोदशी बघावी, ९ ते पावणेदहा, पाणीही चढतं असतं आणि ऊनही अजून तिरकं. तर पौर्णिमा कॅन्सल, त्रयोदशी फिक्स.

लेथवाल्या काकांनी तोवर अँगल दिला तर ठीक, नाहीतर झूम ४०० वर आणून जाईन, फ्रेम साडेतीन अंशांच्या आसपास होते, क्रॉप जास्त करावा लागेल पण निदान पक्षी आत तरी असेल. आणि कोणाकडे रेड डॉटची ती छोटी ॲलन की जास्तीची असेल तर सांगा, माझी स्कूटरच्या डिकीत पडून कुठेतरी गडप झालीय.