पँटीची टोपी

आमच्या घरात पँट फाटत नाही, विटते. गुडघ्यावर पांढुरकी पडते, बसायच्या जागी विरते, आणि तरी ‘बागेत घालायला होईल’ म्हणून पुन्हा दांडीवर येते. परवा दुपारी ह्यांची अशीच एक पँट दुरुस्तीला घेतली आणि खालची दुमड उसवली. आत दोन बोटं रुंद पट्टी निघाली, दुकानातून आणली त्या दिवसाइतकी गडद निळी. वर सगळी पँट राखेच्या रंगाची आणि ही कोरी! दुरुस्ती राहिली बाजूला. म्हटलं, हिची टोपी करायची.

टोपीचं गणित मला फार आवडतं. मोठ्या माणसाचं डोकं साधारण 22 इंच भरतं, म्हणजे माथ्याची चकती 7 इंच व्यासाची. शाळेत ज्या 22/7 ने छळलं, ते इथे निमूट डोक्यावर येऊन बसतं. भोवती अर्धा इंच शिवणीला धरला की 8 इंची ताटलीच पालथी घालून खडू फिरवायचा. मग साडेतीन इंची उभी पट्टी आणि तिच्याखाली सावलीपुरता घेर. घेर ताठ राहावा म्हणून आत बकरम, म्हणजे खळीचं जाड कापड, घालतात, पण चार धुण्यांत ते मान टाकतं. मी कापडाचे दोन पदर घेऊन जवळजवळ गोल टिपा मारत जाते, टिपांनीच ते ताठ होतं. आणि टेरिकॉट घाम पीत नाही, तेव्हा अस्तर जुन्या सुती साडीचंच.

हे आजीचं. ती टोपडी शिवायची. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड नाही, त्यामुळे गोतावळ्यात कुणाला दिवस गेले की आजीचं एखादं लुगडं ट्रंकेतून बाहेर यायचं. दुपारी ती पडवीत बसायची. सुया ओवणं आम्हा पोरांकडे. ओवलेल्या सुया उशीला ओळीने टोचून ठेवायच्या, म्हणजे आम्ही खेळायला पळालो तरी तिचं अडत नसे. टोपडं झालं की मापाला नारळ! सोललेला, शेंडी राखलेला. तो मांडीवर घेऊन त्याला टोपडं चढवायची, खाली बंद बांधायची आणि मान तिरकी करून बघायची. एकदा तसाच नारळ उशीवर ठेवून ती चहा करायला आत गेली, तर शेजारचे काका दारातच थबकले. “कोण बाळंत झाला गो?”

विकतच्या टोप्यांशी माझं जमत नाही. आमच्या किनाऱ्यावर ज्या मिळतात त्यांच्यावर ‘गोवा’ लिहिलेलं असतं. सिंधुदुर्गात उभं राहून डोक्यावर गोवा कशाला?

ह्यांची टोपी झाली. ती गडद पट्टी मी घेराच्या कडेला लावली, आता बसू दे उन्हात. ती घालून हे आंबे उतरवायला गेले आणि दुसऱ्या दिवशी राखणीच्या नेपाळी गड्याचीही मागणी आली. मग दिरांची. घरातल्या चांगल्या पँटीही आता माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

एक मी माझ्यासाठी शिवली. ती घालून अंगणात आमसुलं वाळत घालत होते, तर सासूबाई ओटीवरून म्हणाल्या, “ही घालून बाजारात जातलंस?” आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

आजीही वैशाखात भर दुपारी वाळवणं राखत नुसता पदर डोक्यावर घेऊन बसायची. उठायची तेव्हा भांगाची रेघ लाल झालेली असायची. एवढ्या डोक्यांना तिने टोपडी घातली, तिचं डोकं किती इंची होतं ते कुणी मोजलेलंच नाही.

बाजारात मी छत्री नेते.