पाऊस एकदाच पडला, आकडे मात्र दोन

तोच प्रदेश, तीच वर्षं, तोच उपग्रहीय पावसाचा संच. पण जुन्या आवृत्तीत पाऊस वाढताना दिसतो आणि नव्या आवृत्तीत तो जागच्या जागी असतो. अशा वेळी बहुतेक जण नवी आवृत्ती उचलतात आणि कामाला लागतात. त्याआधी नवीतून जुनी वजा करा आणि त्या फरकाचीच मालिका काढून बघा. पाऊस एकदाच पडलेला असतो. त्यामुळे फरकात जी पायरी दिसते ती आभाळातली नसते, मोजणीतली असते.

एक बारकावा मात्र आहे. नवी आवृत्ती सगळीकडे दहा टक्के जास्त पाऊस दाखवत असेल, तर खऱ्या कलाचाही (म्हणजे दीर्घकालीन वाढ-घटीचाही) दहावा हिस्सा फरकात उतरतो. म्हणून वजाबाकीबरोबर भागाकारही करावा. गुणोत्तर सपाट आणि फरक चढता असेल, तर प्रश्न प्रमाणाचा आहे. दोन्ही एकाच महिन्यात उडी मारत असतील, तर त्या महिन्यात काय बदललं ते शोधायचं.

या वजाबाकीत सर्वात जास्त घोळ एककांचा होतो. आयमर्ग (नासाचा उपग्रहीय पावसाचा संच) याच्या मासिक फाइलमध्ये आकडे मिलिमीटर प्रति तास असतात, त्याआधीच्या टीआरएमएम उपग्रहाच्या ३बी४३ या मासिक संचातही तसेच. महिन्याची बेरीज हवी म्हणून सरसकट ७२० ने गुणलं, की २८ दिवसांचा फेब्रुवारी ७ टक्क्यांनी फुगतो आणि ३१ दिवसांचे महिने ३ टक्क्यांनी आटतात. त्या त्या महिन्याचे तास घ्यावेत: ६७२, ६९६, ७२० किंवा ७४४. आयमर्गच्या सहाव्या आवृत्तीच्या अर्ध्या तासाच्या आणि दैनिक फाइलींतलं ‘प्रेसिपिटेशनकॅल’ हे चल सातव्या आवृत्तीत नुसतं ‘प्रेसिपिटेशन’ झालं, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट तिथेच अडते. ती अडते हे बरंच, कारण अक्षांश-रेखांशाच्या क्रमाची चूक गुपचूप निघून जाते. या फाइलींत रेखांश आधी येतो. नकाशा आडवा दिसला की कळतं, पण एकाच बिंदूची मालिका काढणाऱ्याला कधीच कळत नाही.

पुढचा प्रश्न ग्रिडचा, म्हणजे नकाशावरच्या चौकोनी जाळीचा. ३बी४२ (टीआरएमएमचाच दर तीन तासांचा संच) याचा चौकोन ०.२५ अंशाचा, आयमर्गचा ०.१ अंशाचा. म्हणजे एका मोठ्या चौकोनाच्या एका बाजूला अडीच छोटे चौकोन बसतात, त्यामुळे सरळ सरासरी जमत नाही. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करणारी पद्धत वापरावी, सीडीओ या हवामान-डेटाच्या संगणकीय साधनात ती रीमॅपकॉन या नावाने मिळते. शेजारच्या चार बिंदूंवरून आकडा काढणाऱ्या बायलिनिअर पद्धतीत एकूण पाण्याचा हिशोब जुळत नाही. बारीक ग्रिड जाड करावी, जाड ग्रिड बारीक करू नये. एका संचात महिना नसेल, तर तो दुसऱ्यातूनही काढून टाकावा. आणि उणे ९९९९.९ हा ‘डेटा नाही’चा आकडा आहे, तो सरासरीत शिरू देऊ नका.

आता पायऱ्या कुठे शोधायच्या? ऑगस्ट २००१ मध्ये टीआरएमएमची कक्षा सुमारे ३५० किलोमीटरवरून ४०२ किलोमीटरवर नेली. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या पर्जन्य-रडारचा नियमित डेटा थांबला, तरी ३बी४२ मालिका २०१९ अखेरपर्यंत चालू राहिली. आयमर्गमध्ये जून २०१४ हा सांधा आहे: त्याआधी मानकीकरण टीआरएमएमवर, नंतर त्याच्या जागी आलेल्या जीपीएम उपग्रहावर. याशिवाय जमिनीवरच्या पर्जन्यमापकांचा सांधा असतो. जीपीसीसी (जगभरच्या पर्जन्यमापकांचे आकडे गोळा करणारं केंद्र) यांचा पूर्ण संग्रह जिथे संपतो तिथून पुढे त्यांचा मॉनिटरिंग संच लागतो आणि त्यात केंद्रं बरीच कमी असतात. चर्प्स या उपग्रह आणि मापक मिळून केलेल्या पाऊस-संचाचं दुखणंही हेच. १९८१ पासूनची सलग मालिका म्हणून सगळे ती घेतात, पण आफ्रिकेच्या अनेक भागांत तिच्यामागची केंद्रं वर्षागणिक रोडावत गेली आहेत. केंद्रसंख्येचा आलेख पावसाच्या आलेखाखाली ठेवून बघा. दोन संच एकमेकांशी जुळले म्हणून हुरळूनही जाऊ नका. ३बी४२ आणि आयमर्ग फायनल (पर्जन्यमापकांशी जुळवलेलं, उशिरा येणारं रूप) दोन्ही जीपीसीसीवर टेकतात, म्हणजे दोन साक्षीदार एकाच घरातले.

मालिका आजपर्यंत आणण्यासाठी फायनलच्या शेपटीला लेट (अर्लीप्रमाणेच लवकर येणारं कच्चं रूप) जोडण्याची सवय तर फारच वाईट. फायनल सुमारे साडेतीन महिने उशिरा येतं, म्हणून हा मोह होतो. पण मालिकेच्या टोकाचं वजन कलात सर्वाधिक असतं आणि जोड नेमका तिथेच बसतो.

पायरीला कल समजण्याची चूक किती सहज होते ते आकड्यांत पाहू. वीस वर्षांची अगदी सपाट मालिका घ्या आणि अकराव्या वर्षापासून फक्त ४० मिमी वाढवा. सरळ रेषा बसवणाऱ्या लघुतम वर्ग पद्धतीने दरवर्षी ३ मिमी वाढ निघते. सेनचा उतार, म्हणजे वर्षांच्या सगळ्या जोड्यांमधल्या उतारांचा मध्यक, २.३५ मिमी देतो. कल आहे का ते तपासणाऱ्या मान-केंडल चाचणीचा झेड ३.७ च्या वर जातो, म्हणजे ‘अत्यंत लक्षणीय कल’. प्रत्यक्षात त्या मालिकेत कल नावाचं काही नाहीच. म्हणून मान-केंडलच्या आधी पायरी शोधणारी पेटिट चाचणी फरकाच्या मालिकेवर चालवावी आणि पायरीची तारीख वर सांगितलेल्या सांध्यांशी ताडून पाहावी.

यानंतर वनस्पतींची साक्ष. सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेलसारख्या अर्धशुष्क पट्ट्यात एनडीव्हीआय (उपग्रहावरून मोजलेला हिरवाईचा निर्देशांक) पावसामागून एक-दोन महिन्यांनी हलतो. थेट परस्परसंबंध काढला तर कोणतीही आवृत्ती ०.८-०.९ दाखवेल, कारण दोन्हींत ऋतुचक्र एकच आहे. आधी प्रत्येक महिन्याची दीर्घकालीन सरासरी वजा करा, मग दोन्हींचा सरळ कल काढून टाका आणि उरलेल्या विचलनांवर एक ते तीन महिन्यांच्या साठलेल्या पावसाचा संबंध तपासा. यात जी आवृत्ती सरस ठरते ती वर्षावर्षांतली चढउतार चांगली पकडते, एवढंच. तिचा दीर्घकालीन कलही खरा, असं त्यातून निघत नाही. कल आपणच आधी काढून टाकलेला असतो!

खरा धोका अवशेष-कलाच्या पद्धतीत आहे. एनडीव्हीआयमधून पावसाने समजावता येणारा भाग वजा करायचा आणि उरलेला भाग घसरत असेल तर जमिनीची अवनती म्हणायचं, अशी ही पद्धत. समजा, पावसाच्या मालिकेत वर सांगितलेली ४० मिमीची खोटी पायरी आहे. मॉडेल म्हणतं, पाऊस वाढला, हिरवाई वाढायला हवी होती. ती वाढलेली नसते, म्हणून अवशेष खाली जातो आणि नकाशावर लाल डाग उमटतात. दोष गुरं चारणाऱ्यांवर येतो, चूक पर्जन्यमापकांच्या यादीत असते. म्हणून अवशेष-कल दोन्ही आवृत्त्यांवर काढावा आणि जिथे चिन्ह बदलतं ते पिक्सेल निष्कर्षातून वगळावेत. माझ्या मते हा एकच नकाशा बाकीच्या दहा आकृत्यांपेक्षा जास्त सांगतो.

साक्षीदारही, म्हणजे एनडीव्हीआयही, धुतल्या तांदळासारखा नसतो. टेरा उपग्रहावरच्या मोडिस या संवेदकाच्या पाचव्या संग्रहात त्याच्या झिजेमुळे खोटी घसरण होती, सहाव्यात ती बरीच दुरुस्त झाली. एव्हीएचआरआर या जुन्या संवेदकाच्या लांब मालिकेत एकामागून एक उपग्रह जोडलेले आहेत, त्यांची निरीक्षणाची वेळ सरकत जाते आणि जून १९९१ च्या पिनाटुबो उद्रेकानंतरची धूळही त्यात आहे. मोडिसचे आकडे ०.०००१ ने गुणायचे, उणे ३००० वगळायचे आणि पिक्सेल विश्वासार्हतेचा थर ० किंवा १ असलेलेच पिक्सेल ठेवायचे. दाट वर्षावनात एनडीव्हीआय संपृक्त होतो (हिरवाई वाढली तरी आकडा फारसा वाढत नाही), त्यामुळे काँगो खोऱ्यात, जिथे पर्जन्यमापक विरळ आणि पावसाचे संच कलाबाबत एकमेकांशी भांडतात, तिथे नेमकी ही साक्ष निकामी. सिंचित शेतीही वगळा, तिथे हिरवाई कालव्याने ठरते.

शेवटी हवामानाची खूण. पूर्व आफ्रिकेत २०१९ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये हिंद महासागर द्विध्रुव (महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांच्या तापमानातला फरक) जोरदार धन असताना मुसळधार पाऊस झाला, आणि आफ्रिकेच्या शिंगात (सोमालिया आणि आसपास) २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत सलग पाच हंगाम कोरडे गेले. हे दोन प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत आणि एनडीव्हीआयमध्ये योग्य दिशेने, योग्य महिन्यात दिसायलाच हवेत. एका आवृत्तीत पाच हंगामांपैकी एखादा सामान्य दिसला, तर त्या हंगामाच्या दैनिक फाइली उघडा. बहुतेक वेळा गोम एखाद्या गायब महिन्यात किंवा शून्य धरलेल्या रिकाम्या चौकोनात सापडते.

अहवालात संचाच्या नावाबरोबर आवृत्ती, अर्ली-लेट-फायनलपैकी कोणतं, फाइली उतरवल्याची तारीख आणि फरकाच्या मालिकेचा आलेख द्या. आलेख परिशिष्टात ढकलू नका, पहिल्या आकृतीत ठेवा.