दादाचे बूट

आज डेन्व्हरमध्ये पोरांच्या स्कीच्या सामानाचा सोक्षमोक्ष लावला. गेल्या वर्षी हौसेने विकत घेतलेल्या बुटांत थोरल्याची बोटं आता दुमडतात. 'वाढत्या अंगाचे' दोन नंबर मोठे घ्यायची आपली गणवेशवाली युक्ती इथे चालत नाही. बूट सैल असला की टाच उचलली जाते आणि स्की वळतच नाही. स्कीसुद्धा हनुवटी ते नाकापर्यंतच उंच हवी. शेवटी दोघांचंही सामान अख्ख्या सीझनसाठी भाड्याने घेतलं. मध्येच पाय वाढला तर बूट बदलून मिळतील. हेल्मेट मात्र विकतच, आधी कुणी कुठे आपटलंय कोण जाणे!

दादाचे बूट धाकटीला आले असते खरं तर. पण बाईसाहेबांनी नुसतं हुंगूनच नाकारले.