माझा अनुभव: जुन्या झेनची ऑइल गळती, गिअरबॉक्स न उतरवता

आमच्याकडे १९९८ सालची मारुती झेन आहे. कार्बोरेटरवाली, ९९३ सीसीची. बाबांनी घेतली, आता मी चालवते. पंधरा वर्षं झाल्यावरचं आरटीओचं पासिंग, पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी पुन्हा नूतनीकरण हे सगळं आम्ही मनापासून करत आलो, कारण गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे. म्हणून तिच्याखाली पार्किंगमध्ये तेलाचे डाग पडायला लागले तेव्हा मला ते लगेच निस्तरायचं होतं. नाशिकच्या पावसात तो डाग तसाच राहत नाही. पाण्याबरोबर पसरतो, पेव्हर ब्लॉकवर रंगीत तवंग येतो आणि सगळं वाहत गटारीत जातं.

ज्या गॅरेजमध्ये आधी दाखवली त्यांनी गाडी वर घेतली, खालून बघितलं आणि सांगितलं, क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील, म्हणजे तिथून तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी, गेलंय. सील स्वतः स्वस्त असतं, पण तिथपर्यंत पोचायला ड्राइव्ह शाफ्ट काढायचे, गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच आणि फ्लायव्हील खोलायचं. मजुरीचा आकडा ऐकून घरात चर्चा सुरू झाली. शिवाय 'एवढं खोलतोच आहोत तर क्लच प्लेटही टाकून घ्या' हे आलंच. त्यांचं निदान अगदीच हवेतलं नव्हतं. तेल खरंच इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडापाशी, खालच्या बाजूने टपकत होतं.

मला मात्र एक गोष्ट पटत नव्हती. मागच्या सीलचं तेल क्लचवर उडालं की क्लच घसरतो, चढावर इंजिन ओरडतं पण गाडी जोर धरत नाही. माझी गाडी चढाला व्यवस्थित ओढत होती. आमच्या सोसायटीतले एक काका सातपूरला कंपनीत मेंटेनन्स विभागात होते, आता निवृत्त आहेत. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, तेल खाली टपकतं म्हणजे खालूनच निघालंय असं थोडंच आहे? सगळ्यात वरची ओली जागा शोध. आणि त्यासाठी आधी इंजिन धू."

धुण्याआधी त्यांनी एक तपासणी करायला लावली, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला वाटतं. टपकणारं तेल बोटावर घेऊन वास घ्यायचा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास असतो. इंजिन ऑइलला जरा जळकट वास, रंग काळपट. माझं तेल इंजिनचंच होतं. म्हणजे गिअरबॉक्सची सीलं संशयातून बाहेर.

धुण्याला जवळजवळ अख्खी दुपार गेली. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची वायर काढली. डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग), अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. मग डिझेल आणि ब्रशने वर्षानुवर्षांची तेल-मातीची खपली काढली. प्रेशरच्या पाण्याने काम झटपट होतं, पण जुन्या गाडीच्या वायरिंगमध्ये पाणी शिरलं की वेगळंच दुखणं मागे लागतं, म्हणून आम्ही ते टाळलं. नंतर साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं आणि बॉनेट उघडं ठेवून पूर्ण सुकू दिलं. डिझेलचा ओलावा असताना इंजिन चालू करायचं नाही, यावर काका फार कडक होते. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नाही, घोडी (लोखंडी स्टँड) लावायचीच, हाही त्यांचाच नियम.

मग साधी टाल्कम पावडर आणली. कोरड्या इंजिनवर संशयाच्या सगळ्या जागी तिचा पातळ थर दिला: टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या अगदी वरच्या झाकणाच्या) कडा, डिस्ट्रिब्यूटरचा बुडखा, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक, चेंबरची (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीची) कड, पुलीच्या मागची बाजू. गाडी सुरू करून गरम होऊ दिली आणि पाथर्डी फाट्यापर्यंत एक चक्कर मारून आणली. लांब जायचं नाही. वेग वाढला की वारा तेल मागे उडवतो आणि पुन्हा सगळंच ओलं दिसतं.

बॉनेट उघडून टॉर्च मारला. चेंबर कोरडं, प्रेशर स्विच कोरडा. टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात पावडर किंचित पिवळी झालेली. आणि डिस्ट्रिब्यूटर जिथे हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) बसतो तिथे, त्याच्या गोल बुडख्याच्या खालच्या बाजूला, चंद्रकोरीसारखी ओली काळी रेघ. त्या रेघेच्या टोकाला एक थेंब धरला होता. तिथून खाली पावडरीतून एक बारीक ओहळ उतरला होता, हेडवरून ब्लॉकवर आणि तिथून सरळ गिअरबॉक्सच्या घंटेवर (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या कवचावर). मी काकांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हे बघ तुझं मागचं सील."

झेनचं इंजिन आडवं असतं. एका टोकाला टायमिंग बेल्ट, दुसऱ्या टोकाला गिअरबॉक्स. डिस्ट्रिब्यूटर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला बसतो आणि कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) फिरतो. त्याच्या आणि हेडच्या मध्ये फक्त एक रबरी ओ-रिंग असते. ती कडक झाली की पाझरलेलं तेल फिरत फिरत नेमकं तिथेच टपकतं, जिथे क्रँकचं मागचं सील गेल्यावर टपकलं असतं. खालून बघणाऱ्याला दोन्हींत फरक दिसणं कठीण. त्यासाठी वरून बघावं लागतं, आणि वरून बघायचं तर आधी इंजिन स्वच्छ हवं.

सुटे भाग आणायच्या आधी काकांनी ब्रीदर बघायला लावला. टॅपेट कव्हरमधून इनटेककडे जाणारी जी रबरी नळी असते, तिच्या वाटेवर पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. पिस्टनच्या कडेने खाली उतरलेला वायू या वाटेने बाहेर ओढला जातो. वाट तुंबली की इंजिनच्या पोटात दाब वाढतो आणि तेल जी कमजोर जागा मिळेल तिथून बाहेर निघतं. अशा वेळी नुसती सीलं बदलली तर थोड्याच दिवसांत दुसरीकडून गळायला लागतं. आमचा व्हॉल्व्ह काढून कानापाशी हलवला. चांगला असेल तर आत खुळखुळ वाजतो. हा मुका होता. कार्बोरेटर क्लीनरने धुतला, थोडा मोकळा झाला, तरी नवाच टाकायचं ठरवलं.

द्वारकेकडच्या एका स्पेअर पार्टच्या दुकानात ओ-रिंग, टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असं तिन्ही मिळालं. जुनी गाडी ठेवणाऱ्याला झेनचा हा मोठा आधार आहे, सामान अजून मिळतं. तिघांची किंमत मिळून आधी सांगितलेल्या मजुरीच्या जवळपासही नव्हती. दुकानदाराने गळती थांबवणारं, तेलात ओतायचं औषधही दाखवलं. ते रबर फुगवून फट बुजवतं. मी नाही घेतलं. रबर पूर्ण कडक झालेलं असेल तर त्याचा उपयोग फार टिकत नाही आणि मूळ जागा शोधायची राहून जाते.

काम ओळखीच्या मिस्त्रींकडून, समोर उभं राहून करून घेतलं. त्यांनी डिस्ट्रिब्यूटर काढण्याआधी त्याच्या अंगावर आणि हेडवर मिळून एक रेघ ओढली आणि आतल्या रोटरचं तोंड कुठे आहे तेही टिपलं. "ताई, ही रेघ जुळली की टायमिंग जागच्या जागी येतं. मध्ये इंजिन फिरवायचं नाही." डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडून आत बघितलं, कोरडं होतं. आत तेल असतं तर शाफ्टचं सील गेलंय असं झालं असतं आणि काम वाढलं असतं. जुनी ओ-रिंग मी हातात घेतली. गोल असायला हवी ती बाहेरून चपटी झाली होती, नखाने दाबली तर खूण उमटेना, आणि जरा ताणताच तुटली. नवीला इंजिन ऑइलचं बोट लावून बसवलं.

टॅपेट कव्हरच्या पॅकिंगला भरपूर सिलिकॉन थापायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती मला अजिबात मान्य नाही. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत जाऊ शकतं. मिस्त्रींनी कडा नीट पुसून पॅकिंग कोरडंच बसवलं, आणि बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे करत आवळले. शेवटी टायमिंग लाइट लावून ठिणगी योग्य क्षणी पडते याची खात्री केली.

त्यानंतर वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला गेलो. घाट चढून-उतरून आल्यावर डिपस्टिकवर तेल होतं तिथेच होतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला, पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेनने आखल्या, म्हणजे डाग पडलाच तर कुठल्या भागाखाली पडला ते कळावं. गिअरबॉक्सच्या बाजूला काहीच नव्हतं. बेल्टच्या बाजूला, क्रँक पुलीच्या मागे मात्र हलकासा ओलसरपणा अजून दिसतो. थेंब धरत नाही, नुसता घाम. त्यासाठी आत्ता काही खोलणार नाही. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ येतेच आहे. बेल्ट निघाला की कॅमचं आणि क्रँकचं पुढचं अशी दोन्ही सीलं त्याच मजुरीत जवळपास होऊन जातील. तेलाचा शिंतोडा नव्या बेल्टवर पडू द्यायचा नाही, म्हणून तेव्हा ती बदलायचीच, असं मिस्त्रींशी बोलून ठेवलं आहे. तोवर दर रविवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, डिपस्टिक पुसून तेल बघते.